कोरडी खोली

कॉर्नवॉलमधलं विकायला काढलेलं आपलं जुनं दगडी घर घेणाऱ्यांच्या वतीने तपासायला सर्व्हेअर येणार, पण तो कुणाचं सामान हलवत नाही, हे हेस्टरबाईंना पक्कं ठाऊक होतं. म्हणून नवऱ्याला हाताशी धरून त्यांनी सकाळीच बशांचं अवजड कपाट ओल आलेल्या भिंतीपुढे ढकललं.

"अगं, कंबर मोडेल माझी!" डेन्झिल कण्हला.

"मोडू दे. अजून एक हिवाळा याच ओलीत काढायचाय का?"

तेवढ्यात दार वाजलं. बाईंनी चेहऱ्यावर हसू आणून दार उघडलं, तर समोर घर घेणारी टॅम्झिन! कडेवर खोकणारं बाळ, हातात केशर घातलेला गरमागरम पाव.

"सर्व्हेअर कुठे राहिला गं?"

"त्याला नकोच म्हणून कळवलं, बाई! आई तर मलाच ओरडली. म्हणाली, ज्यांनी तुला शाळेत खरं बोलायला शिकवलं, त्यांचं घर परक्या माणसाकडून तपासून घेतेस? लाज नाही वाटत?"

बाईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. डेन्झिल खिडकीबाहेर बघू लागला.

 

"तुम्हीच सांगा ना बाई, बाळाची छाती भरते हो सारखी, त्याला कुठल्या खोलीत ठेवू?"