त्याआधी काय म्हणालात?

“पाएआनं कबुली दिली, त्याआधी तुम्ही त्याला काय म्हणालात?” बचावाच्या वकीलबाईंनी विचारलं.

हवालदार सेमिसी साक्षीच्या कठड्यात उभा होता. पाद्रीबाबांच्या बोटीचं इंजिन चोरीला गेलं, त्या सकाळी धक्क्यावर पाएआ दिसला होता. सेमिसीनं त्याला चौकीत आणलं. तासाभरात कबुली घेतली. अख्खा खटला त्या कबुलीवर उभा होता. इंजिन अजून सापडलंच नव्हतं.

चौकीत तेव्हा त्या दोघांखेरीज कुणी नव्हतं. ‘काहीच म्हणालो नाही,’ एवढं सांगितलं की काम फत्ते. मागच्या बाकावर फौजदार बसला होता. सेमिसीची बढती त्याच्याच हातात. शेजारी पाद्रीबाबा. वावाऊसारख्या छोट्या बेटावर त्यांची नाराजी कोण ओढवून घेणार? पण बायबलवर हात ठेवून शपथ घेतली होती.

“मी म्हणालो, चोरी केली म्हण, लगेच घरी सोडतो.”

फौजदारानं डोळे मिटून घेतले.

“घरी सोडायचं आमिष दाखवून घेतलेली कबुली मला पुरावा म्हणून चालत नाही,” न्यायाधीश तौफाबाई म्हणाल्या. “दुसरा पुरावा तुमच्याकडे नाही. सोडून द्या त्यांना.”

सेमिसी बाहेर आला. आपल्याच तोंडानं आपण चोर सोडवला, हे त्याला कळत होतं. तरीही छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटत होतं.

फणसाच्या झाडाखाली पाएआच्या माणसांनी भाजलेलं डुक्कर आणि अळकुड्या मांडल्या होत्या. हसणं-खिदळणं चाललं होतं.

“ये रे सेमिसी, जेवून घे,” पाएआनं हाक मारली.

“चोराच्या पंगतीला बसवतोस होय?” सेमिसी हसत खाली बसला. “आता खटला संपला. इंजिन कुठं टाकलंस ते तरी सांग.”

“मला काय ठाऊक? मी हातसुद्धा लावला नाही त्याला.”

“मग कबूल कशाला केलंस, लेका?”

पाएआनं बायकोच्या मांडीवरची तान्ही पोर उचलली आणि सेमिसीच्या हातांत दिली.

“त्या दिवशी हिच्या आईला कळा सुरू झाल्या होत्या. घरी जाऊ दे म्हणून किती विनवलं, तू ऐकतोस कुठं? मग म्हणालास, कबूल कर, सोडतो. इंजिनच काय, अख्खी बोट गिळली म्हणून सांगितलं असतं.”