रिकामं पोतं

उचगावच्या वळणावर गुळाचा ट्रक उलटला, तेव्हा ड्रायव्हर केरबा काच फोडून बाहेर आला आणि लोखंडी टामी उगारून गुळाच्या बॉक्सांपुढं उभा राहिला. गेल्या वर्षी त्याचा असाच अपघात झाला होता. लोकांनी त्याला दवाखान्यात नेलं आणि मागं गाडीतली साखर पोती भरभरून पळवली. तेव्हा ट्रान्सपोर्टच्या मालकानं बजावलं होतं, "माल पोचेपर्यंत जबाबदारी आपली. परत असं झालं तर गाडीवर येऊ नकोस."

बघता बघता गर्दी जमली. शेजारच्या शेतातून एक म्हातारी रिकामं पोतं घेऊन पळत आली.

"आली बघा पोतं घिऊन!" केरबा ओरडला. "एकाबी बॉक्सला हात लावलासा तर टकुरं फोडीन!"

"पावणं, पोटाला मार बसलाय तुमच्या," गर्दीतला एकजण म्हणाला. "तोंड पांढरंफटक पडलंय. दवाखान्यात चला की."

"मागच्या बारीलाबी लोक असंच म्हणालं हुतं," केरबा म्हणाला.

पोलीस यायला तास लागला. केरबानं त्यांच्या हातात मालाची बिल्टी दिली, तिच्यावरच्या आकड्याप्रमाणं सगळे बॉक्स मोजायला लावले. एकही कमी नव्हता. पंचनाम्यावर सही झाल्यावर तो खाली बसला, तो परत उठलाच नाही.

म्हातारीनं पुढं होऊन हातातलं पोतं त्याच्या अंगावर पांघरलं.

"तुला टेकाय आणलं हुतं रं, लेकरा."