बिनबंदुकीचा नंबर

“हातात काही आहे का त्याच्या?” फोनवरच्या मुलीने विचारलं.

टेलरबाईंनी स्वयंपाकघराच्या बंद दाराकडे पाहिलं. आत त्यांचा धाकटा भिंतीशी भांडत होता. मध्येच एखादं भांडं खणकन आपटत होतं. कापड कापायची मोठी कात्री त्याच्या हातात होती. मशीनवरची कात्री उचलून, आईला ढकलून तो आत शिरला होता आणि आतून कडी घालून बसला होता.

या प्रश्नाच्या उत्तराने काय होतं, हे त्या शहरात बाईंच्या इतकं कुणाला ठाऊक असणार? थोरला गेला तो असाच. त्याचंही डोकं असंच अधूनमधून फिरायचं. एका दुपारी तो आवरेना, तेव्हा बाईंनी स्वतःच पोलिसांना फोन केला. मदत येईल म्हणून. पोलीस आले तेव्हा थोरल्याच्या हातात स्वयंपाकातला डाव होता. पंचनाम्यात त्या डावाची ‘शस्त्रसदृश वस्तू’ झाली.

मग शहराला कळवळा आला. मोर्चा निघाला, जिन्यावर फुलांचा खच पडला, महापौर येऊन शिवायच्या कपड्यांच्या ढिगाशेजारी अवघडून बसले आणि चहा न पिताच गेले. चौकशी झाली. गोळी झाडणाऱ्याची बदली झाली. लोक आपापल्या कामाला लागले, पण बाईंनी पिच्छा सोडला नाही. कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवून त्यांनी एकच गोष्ट पदरात पाडून घेतली. वेगळा नंबर. घरातल्या माणसाचं डोकं फिरलं, तर तो फिरवायचा. पोलीस येणार नाहीत, परिचारिका येईल. लोक त्याला बिनबंदुकीचा नंबर म्हणायचे. प्रत्येक बसथांब्यावर त्या नंबराच्या वर बाईंचा हसरा फोटो होता. “कुणाच्या तरी लग्नाला निघाल्यासारखी दिसते मी त्यात,” असं त्या गिऱ्हाइकांना सांगायच्या.

अट एवढीच होती, की माणसाच्या हातात काही असलं तर पोलीस सोबत येणार. ती परिचारिकांनी घातली होती आणि बाईंनीच होकार दिला होता. उद्या कुणाची लेक भोसकली गेली तर? तेव्हा ते त्यांना अगदी रास्त वाटलं होतं.

“काकू, ऐकताय ना? हातात काही आहे का?”

“नाही,” बाई म्हणाल्या. “काही नाही. नुसता बडबडतोय.”

त्यांनी फोन ठेवला. त्या दाराला कान लावून बसल्या.

“राजा, कात्री खाली ठेव बरं.”

“त्यांना बोलावलंस ना?”

“नाही रे. त्यांना नाही. दवाखान्यातली एक ताई येतेय. बोलेल तुझ्याशी.”

आतली बडबड थांबली. “दादाच्या वेळीपण असंच म्हणालीस तू. मदत येतेय म्हणालीस.”

खरंच तसंच म्हणाल्या होत्या त्या. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि हळूहळू त्याच्याशी इकडचं तिकडचं बोलत राहिल्या. त्याच्या जुन्या सायकलबद्दल, शेजारणीच्या मांजराबद्दल. मांजराचं नाव काढल्यावर तो एकदा हसला. तेवढ्यानेही बाईंच्या जिवात जीव आला.

दारावर टकटक झाली. परिचारिका एकटीच उभी होती. किडकिडीत पोर, खांद्यावर पिशवी, जिना चढून धाप लागलेली. त्यांना वाटलं होतं, कुणी तरी दांडगी, पोक्त बाई येईल.

“ओळखलंत का काकू? ट्रेनिंगला तुम्ही बोलायला आला होतात. आम्ही सगळ्या रडलो होतो तेव्हा,” ती हळू आवाजात म्हणाली. “कुठे आहे तो?”

बाईंनी बोट दाखवलं. पोर चपला काढून सरळ स्वयंपाकघराकडे निघाली. आत कात्रीची पाती उघडत होती, मिटत होती. तो आवाज बाई जन्मभर ऐकत आल्या होत्या, पण आज तो ऐकवेना. एकीकडे पोटचा गोळा, दुसरीकडे कुणाची तरी लेक. हिच्या घरीही कुणी वाट बघत असेल. त्यांनी धावत जाऊन तिचा दंड धरला आणि तिला जिन्याच्या दारापर्यंत मागे ओढत आणलं.

“थांब. मी खोटं बोलले फोनवर. त्याच्या हातात कात्री आहे, मोठी. त्याने कडी काढली तरी तू आत जाऊ नकोस, दाराबाहेरूनच बोल. वाईट नाही गं तो, घाबरलाय नुसता. मी मधे उभी राहते. पण त्यांना बोलावू नकोस. पाया पडते तुझ्या.”

परिचारिका दचकली नाही की रागावली नाही. तिने बाईंचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. तिचे हात थंडगार होते.

“मनाला लावून घेऊ नका काकू. सगळ्याच आया नाही म्हणतात.”

“मग?”

“म्हणून हल्ली आम्ही ते नुसतं विचारतो. काहीही सांगितलं तरी पोलीस आमच्याबरोबर असतातच.”

तिने जिन्याकडे वळून मान हलवली, आणि खालच्या वळणावर थांबलेले बूट वर चढू लागले.