चार इंचांतले टाके

चार इंचांत बावीस टाके यायला हवे होते. योगिनीच्या तुकड्यात अठराच आले. पुन्हा.

तिने पट्टी उचलली आणि शेजारच्या जुन्या स्वेटरवर, अगदी सुयांच्या खाली टेकवली. बावीस. लहान बाळाचा तो पिवळा स्वेटर अर्धवटच होता, सुया अजून टाक्यांत अडकलेल्या. माळ्यावर पातेल्यांच्या मागे सापडला होता. सविताचा. सविता म्हणजे अमितची पहिली बायको. गच्चीच्या जिन्यावरून पडून गेली, तेव्हा तिला सातवा महिना होता. आता योगिनीला सातवा लागला होता.

गेलेल्या बाईचं विणकाम ती बाळाला घालणार नव्हतीच. तिला ते फक्त समोर ठेवून, बघून बघून विणायचं होतं. आयुष्यातला पहिलाच स्वेटर. बाळ ऐन थंडीत येणार, आणि नाशिकची थंडी काही कुणाची वाट बघत नाही. मेन रोडच्या दुकानात तिने लोकरीचे गुंडे गालाला लावून लावून पाहिले. केसाळ नको, बाळाच्या तोंडात जाईल. चकाकणारी नको, टोचेल. शेवटी सविताच्याच जाडीची मिळाली, मऊ, पिवळीच. सुयाही तिच्यासारख्या, आठ नंबरच्या. तरी अठरा. दहा नंबरच्या बारीक सुया आणल्या, तर वीण पुठ्ठ्यासारखी ताठ झाली. जणू त्या स्वेटरला तिचा हात चालतच नव्हता.

दुपारी अमित पिंपळगावला, कोल्ड स्टोरेजवर असायचा. योगिनी दोन्ही विणकामं पदराखाली घेऊन खालच्या मजल्यावर ललिताकाकूंकडे गेली. सविताला विणायला त्यांनीच शिकवलं होतं.

काकूंनी स्वेटर हातात घेतला. योगिनीने सुयांखाली पट्टी टेकवून दाखवली.

"वरून काय मोजतेस? खालून मोज."

खाली, काठाच्या जरा वर, अठरा आले.

"तुझ्यासारखाच सैल हात होता तिचा. मी म्हणायचे, मासे धरायला जाळं विणतेस का गं."

"मग वर अरुंद कसा झाला? टाके कमी केले असतील ना तिने?"

काकूंनी चष्मा लावला. खालचे टाके मोजले, सुईवरचे मोजले. मग परत खालचे.

"एकही कमी केलेला नाही."

सुई तीच. लोकर तीच. टाके तेवढेच. आणि स्वेटर मात्र वर वर आवळत गेलेला.

"असं कशानं होतं, काकू?"

"हात आवळत गेला की," काकू म्हणाल्या, आणि चहा टाकायला उठल्या.

योगिनीने मग मोजणं सोडून दिलं. काकूंनी सांगितले तेवढे टाके सुईवर घातले आणि आपल्या हाताला येईल तसं विणायला बसली. पहिल्या ओळी मजेत गेल्या. विणता विणता ती पोटाशी बोलायची. हा तुझा काठ. ही तुझी पाठ.

अमित आवाज कधी चढवत नसे. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा कोल्ड स्टोरेजमधला गारवा त्याच्या बोटांत असायचा. ती बोटं तिच्या मानेवर ठेवून विचारायचा, "आज काय काय केलंस?" काकू वर येऊन गेल्या त्या दिवशी त्याने ओट्याकडे पाहिलं. "दोन कप?" एवढंच म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून योगिनी एक कप धुऊन, पुसून, जागच्या जागी ठेवू लागली.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सुरगाण्याहून तिची आई न्यायला येणार होती. त्याने परस्पर फोन करून नको म्हणून सांगितलं. "त्या डोंगरात कुठे जातेस? मी आहे ना इथे." मग हसला. "आणि जिन्यावरून सारखी खाली जात जाऊ नकोस. सविता ऐकायची नाही."

योगिनी विणत राहिली. आता पोटाशी बोलणं होत नव्हतं, कान फाटकाकडे असायचे. मोटरसायकल थांबली की ओळ अर्धी टाकून ती विणकाम पिठाच्या डब्यामागे सारायची.

एका दुपारी बाळाने आतून ढुशी दिली. केवढा झालाय बघू तुझा, म्हणत तिने स्वेटर पोटावर पसरला. तिची बोटं तिथेच थांबली. वरची बाजू खालच्यापेक्षा अरुंद होती.

तिने टाके मोजले. पुरे होते. पट्टी सुयांच्या खाली धरली. बावीस. इतके दिवस मुद्दाम करून जे जमलं नव्हतं, ते आपोआप जमलं होतं.

सविताचा स्वेटर काढून तिने आपला त्याच्यावर ठेवला. काठाला काठ लागला. बाजूला बाजू लागली. जिथे सविताचा आवळायला लागला होता, तिथेच तिचाही. एकाच बाईने दोनदा विणावा तसा.

ती तशीच निघाली, अनवाणी, कठडा धरून, एकेक पायरी.

"काकू, सुरगाण्याची जीप आत्ता मिळेल?"

"आत्ता?" काकूंच्या हातात निवडायची भाजी तशीच राहिली. "अगं, अमितला सांगितलंस का?"

योगिनीने एकावर एक ठेवलेले दोन्ही स्वेटर त्यांच्या मांडीवर ठेवले.

"नाही. तिच्या सुया जिथे थांबल्या, तिथपर्यंत चारच बोटं विणायची उरलीत."