साहेबांचं नाजूक पोट

फोन केला नाही, तर डॉक्टरांना दवाखान्यासाठी कोपऱ्यावरची जागा मिळणार होती. दोन रस्त्यांवरून पाटी दिसेल अशी. जिना नाही, म्हाताऱ्यांची कुरकुर नाही, पुढे गाडी लावायला ऐसपैस. केला, तर आहे तोच दुसरा मजला आणि वर वसाहतीच्या चेअरमनशी वाकडं.

चेअरमन समोरच बसले होते. शेवटचा पेशंट नुकताच कठडा धरून जिना उतरला होता. त्याचेही डोळे पिवळे. आठवडाभर असेच येत होते. सगळे याच वसाहतीतले, एकाच पाइपाचं पाणी पिणारे. कुठेतरी गटार त्यात झिरपत होतं, हे ओळखायला डॉक्टर असण्याचीही गरज नव्हती. आरोग्य खात्याला कळवायला मात्र डॉक्टरच लागतो. नंबर टेबलावरच्या काचेखाली होता. चेअरमननी चहाचा कप नेमका त्यावर ठेवला होता.

"पाइप बदलतोच आहे हो मी," ते म्हणाले. "महिना द्या. माझ्या नव्या इमारतीतली निम्मी घरं विकायची पडून आहेत. तुम्ही साथ म्हणालात की गिऱ्हाईक आल्या पावली परत. आणि कावीळ म्हणजे असं काय? आमच्या आजोबांना झाली होती. त्यानंतर तीन सुनांना पुरून उरले."

"बहुतेकांची आपोआप बरी होते," डॉक्टर म्हणाले.

'बहुतेकांची' हा शब्द त्यांनी जरा हळूच उच्चारला. उरलेले कोण, हे त्यांना पाठ होतं. दिवस गेलेल्या बायका, त्यातही शेवटच्या महिन्यांतल्या. परीक्षेत त्यावर प्रश्न आला होता आणि त्यांनी तो बरोबर सोडवला होता.

फोन झाला नाही. पेशंटना डॉक्टर सांगत राहिले, "विश्रांती घ्या, बाहेरचं खाऊ नका." पाण्याबद्दल अवाक्षर नाही. एकाला सांगितलं असतं, तर दिवेलागणीपर्यंत वसाहतभर झालं असतं. घरी मात्र त्यांनी त्याच दिवशी बायकोला बाजूला घेतलं.

"आजपासून पिण्याचं पाणी उकळून. चांगली खळखळून उकळी येऊ दे. आणि बाहेर कुठे बोलू नकोस."

"स्वयंपाकाच्या बाईनं विचारलं तर?"

"सांग, माझं पोट नाजूक आहे."

स्वयंपाकाची बाई म्हणजे पोरगीच होती. मागच्या बैठ्या घरांत राहायची, नवरा रंगारी. सातवा महिना लागला होता, पण हाताला उसंत नव्हती आणि जिभेला तर नव्हतीच.

"वहिनी, आता पाण्याचासुद्धा स्वयंपाक?" ती म्हणाली. "साहेबांना एवढं झणझणीत चालतं आणि नळाचं पाणी चालत नाही होय?"

वहिनीही हसल्या. त्या दिवसापासून ती आली की आधी मोठं पातेलं गॅसवर चढवायची. उकळी फुटेपर्यंत शेजारी उभी राहायची, निवलं की गाळून झाकून ठेवायची. काम चोख.

महिना सरला. पाइपासाठी कुठे कुदळ पडली नाही. कोपऱ्यावरच्या जागेत फरशी मात्र बसली. डॉक्टर एकदा जाऊन रंग पसंत करून आले.

मग एका सकाळी ती ओट्याशी उभी असताना भिंतीला टेकली आणि तशीच घसरत खाली बसली. बायकोनं हाक मारली, "अहो, जरा इकडे या." डॉक्टरांनी तिची पापणी खाली ओढली. डोळा पिवळाजर्द.

"उलट्या कधीपासून?"

"झाले चार दिवस. म्हटलं, दिवसांच्याच असतील."

डॉक्टरांचा आवाज चढला. "अगं, पाणी उकळून पीत नव्हतीस का? रोज स्वतःच्या हातानं उकळतेस ना?"

"ते तुमचं हो, साहेब," ती म्हणाली. "मी नळाचंच पिते. माझं पोट कुठं नाजूक आहे?"

मोठ्या रुग्णालयात नेईपर्यंत ती असंबद्ध बोलू लागली होती. संध्याकाळी तिनं नवऱ्याला ओळखलं नाही. दुसऱ्या दिवशी ती गेली, आणि पोटातलं तिच्याबरोबरच.

रुग्णालय आता खात्याला कळवणारच होतं. त्याआधी आपण कळवलेलं बरं, असा विचार करून डॉक्टरांनी घरूनच फोन लावला. पलीकडच्या अधिकाऱ्यानं सगळं उतरवून घेतलं आणि विचारलं, "वसाहतीतला पहिला रुग्ण तुम्ही कधी पाहिलात?"

"काल," डॉक्टर म्हणाले.

बायको दारात उभी होती. त्यांनी फोन ठेवेपर्यंत ती थांबली.

"मला म्हणालात, बाहेर कुठे बोलू नकोस," ती म्हणाली. "ती कुठे होती मग? रोज पाच तास कुणाच्या घरात होती?"

डॉक्टरांना दवाखान्याची घाई होती.

आता कुणाच्या पदरात काय पडलं, ते बघा. महिनाभर न हललेला पाइप दोन दिवसांत बदलला. नवं पाणी, नवा पाइप म्हणून चेअरमनची उरलेली घरं चढ्या भावानं गेली. साथ वेळेवर कळवणारा जागरूक डॉक्टर म्हणून डॉक्टरांचं नाव झालं, आणि कोपऱ्यावरच्या दवाखान्यात पहिल्याच दिवशी बसायला जागा उरली नाही. रंगारी वसाहत सोडून गेला. त्याला जाताना कुणी अडवलं नाही.

डॉक्टरांच्या घरात मात्र त्या सबंध साथीत कुणाला साधी मळमळसुद्धा झाली नाही. पाणी तिनं फार नीट उकळलं होतं.