आतला टिळा

काल आयुधपूजेत घरातली अवजारं-यंत्रं पुजून झाली आणि आज कांचीपुरमच्या तेन्मोळीच्या संगणकावर लग्नसाडीची नक्षी उघडेना. मेमरी अपुरी असल्याचाच निरोप येई. बाकीचं सगळं बंद करूनही मेमरी निम्मीच दिसे. दुपारच्या मुहूर्तावर माग सुरू व्हायचा होता. "नक्षी काढणं वेगळं, यंत्राचं पोट फाडणं वेगळं. दुरुस्तीवाल्याला बोलाव," तिचे वडील, अप्पा म्हणाले. "तो सणाचा येतोय होय!" म्हणत तिनं संगणकाचा डबा उघडून आतल्या पट्ट्या उपसल्या. मेमरीच्या दोन पट्ट्यांपैकी एकीच्या सोनेरी दातांवर चंदन ओघळून वाळलं होतं. "अप्पा, आत टिळा लावलात?" "काम आत चालतं. बाहेर कशाला लावू?" तिनं खोडरबरानं एकेक दात घासला, पट्टी बसवली. नक्षीतला मोर पिसाऱ्यासकट उघडला. अप्पा कुंकू घेऊन धावले, तशी ती डब्यावर आडवी झाली. "त्याला नाही गं," म्हणत त्यांनी तिच्या मुठीतल्या खोडरबराला टिळा लावला.