खुनी डॉक्टर आहे

लायब्ररीतून आणलेल्या रहस्यकथेच्या बाराव्या पानावर कुणीतरी पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं, ‘खुनी डॉक्टर आहे.’ माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पानाचा फोटो वाचकांच्या ग्रुपवर टाकून मी लिहिणाऱ्याचा यथेच्छ उद्धार केला. ग्रुप माझ्यावरच उलटला. “अहो ताई, या महिन्यात सगळे हेच पुस्तक वाचतोय. शेवट फोडलात की.”

तोंड लपवून पुस्तक पुरं केलं. डॉक्टर बिचारा निर्दोष निघाला. शेवटच्या पानाखाली तेच अक्षर होतं, ‘फसलात ना?’

“मग सांग की ग्रुपवर, डॉक्टर नाही म्हणून,” नवरा म्हणाला.

“आणि आता खरोखरच शेवट फोडू?”

मी ग्रुपवर एवढंच लिहिलं, ‘चुकलंच माझं,’ आणि एकेक जण शेवटच्या पानावर पोचायची वाट बघत बसले.